नाव, गाव, हिस्सा

बंगळुरातल्या मल्लेश्वरममध्ये काडू मल्लेश्वराचं जुनं देऊळ आहे. या देवळाचा १६६९ सालचा एक कानडी शिलालेख आहे आणि त्यात दान देणाऱ्याचं नाव आहे एकोजी. म्हणजे आपले व्यंकोजीराजे, शहाजीराजांचे चिरंजीव, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. त्यांनी मेदरनिंगनहळ्ळी नावाचं गाव देवाला दिलं, अशी त्या लेखाची नोंद. कोणी दिलं, कोणाला दिलं आणि काय दिलं या तिन्ही गोष्टी दगडात कोरलेल्या असल्यामुळे साडेतीनशे वर्षांनंतरही त्याबद्दल कोणाला शंका येत नाही.

याच व्यंकोजीराजांचा घरातल्या वाटणीचा प्रश्न मात्र असा सरळ सुटला नाही. शहाजीराजे १६६४च्या जानेवारीत होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून गेले. पुणे-सुप्याकडचा मुलूख शिवाजी महाराजांकडे होता, कर्नाटकातली जहागीर व्यंकोजीराजांच्या ताब्यात राहिली. तेरा वर्षं हे असंच चाललं. मग १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत महाराजांनी धाकट्या भावाला भेटीला बोलावलं आणि वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला. व्यंकोजीराजे रातोरात निघून गेले. पुढे दोन्ही भावांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या, माणसं मेली आणि त्यानंतर तह झाला. तहाची जी कलमं सांगितली जातात त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. बंगळूर आणि आसपासचा मुलूख महाराजांनी व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला. भांडण भावाभावांचं, पण ज्या ठाण्यावरून ते पेटू शकलं असतं ते घरातल्या सुनेच्या नावावर, कारण सांगून, लिहून दिलं गेलं.

या प्रकरणात जे सांगायचं आहे ते या दोन गोष्टींच्या मधे आहे. आपल्यामागे कोणाला किती मिळावं याचा विचार प्रत्येक जण करतो. तो विचार नाव, गाव आणि हिस्सा घालून कागदावर उतरवणारे थोडे, आणि ज्याला द्यायचं त्याला तो तोंडाने सांगणारे त्याहून थोडे.

आमच्या घरात हे कसं घडलं ते आधी सांगतो. माझे मोठे मामा निपाणीजवळच्या एका खेड्यातून बंगळूरला आले, एचएएलमध्ये नोकरी केली, राजाजीनगरात छोटं घर बांधलं. मुलगी लग्न होऊन अमेरिकेत, मुलगा इथेच. मामा हिशेबी होते. विजेची बिलंसुद्धा वर्षावार दोऱ्याने बांधलेली असत. दर दिवाळीला जेवणं झाली की ते म्हणायचे, "गावच्या शाळेनं मला घडवलं. माझ्या पैशातले दोन लाख शाळेला द्यायचेत, लक्षात ठेवा रे." आम्ही सगळे माना डोलवायचो. एका पावसाळ्यात, सदुसष्टाव्या वर्षी, मामा झोपेतच गेले. कपाटात पासबुकं होती, घराची कागदपत्रं होती, बिलांचे गठ्ठे होते. मृत्युपत्र नव्हतं.

मृत्युपत्र नसलं की कायदा आपल्या वतीने वाटणी करतो. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विवाहित पुरुषामागे त्याची बायको, प्रत्येक मूल आणि त्याची आई या सगळ्यांना समान वाटा मिळतो. यातली 'आई' लोकांच्या लक्षातच नसते. आमची आजी तेव्हा नव्वदीच्या घरात, गावी. ज्या घरात ती एकदाही मुक्कामाला आली नव्हती त्या घराच्या चौथ्या हिश्श्याची ती मालक झाली. सव्वा वर्षाने आजीही गेली, आणि तिचा चौथा हिस्सा तिच्या वारसांकडे निघाला. एक तृतीयांश माझ्या आईकडे, एक तृतीयांश धाकट्या मामांकडे आणि उरलेला गेलेल्या मामांच्या दोन मुलांकडे. राजाजीनगरच्या घराचा बारावा हिस्सा माझ्या आईचा झाला! आईला तो नको होता, धाकट्या मामांनाही नको होता. पण नको म्हणायलाही कागद लागतो. दोघं निपाणीहून रात्रीच्या बसने आले, वंशवृक्षाचा दाखला निघाला, हक्कसोडपत्र नोंदवलं, मग घराचा खाता मामीच्या आणि मुलांच्या नावावर व्हायला अर्ज गेला. वंशवृक्ष हा कर्नाटकातला शब्द. महाराष्ट्रात जसा वारसांचा दाखला मागतात तसा इथे महसूल खात्याकडून घराण्याचा वृक्ष मागतात. खाता म्हणजे पालिकेच्या दप्तरातली घराची नोंद. बंगळुरात घर विकताना, कर भरताना, कर्ज काढताना पहिला प्रश्न खात्याचा असतो.

या सगळ्यात शाळेचे दोन लाख कुठे गेले? कुठेच गेले नाहीत. कोणी खाल्ले नाहीत, कोणी नाही म्हटलं नाही. वाटण्या होईपर्यंत कोणाला हात लावता येत नव्हता आणि वाटण्या झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्यातून किती काढायचे हे कोणी कोणाला विचारायचं, असा संकोच पडला. मला याचं अजून वाईट वाटतं. मामांच्या मनातलं दान आम्हा सगळ्यांना पाठ होतं, तरी ते शाळेपर्यंत पोचलं नाही.

आता मल्लेश्वरमपासून जवळच, यशवंतपूरच्या दिशेला चला. झाडांनी भरलेल्या त्या आवाराला बंगळूरचे जुने लोक अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात. भारतीय विज्ञान संस्था ही जमशेटजी टाटांच्या वाटणीतून उभी राहिली, आणि ती वाटणी कशी झाली हे समजून घेण्यासारखं आहे. १८९८ साली जमशेटजींनी संशोधनाच्या विद्यापीठासाठी मुंबईतल्या आपल्या मालमत्तेतून चौदा इमारती आणि चार जमिनी देऊ केल्या. किंमत सुमारे तीस लाख रुपये. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय म्हणून मुंबईत उतरले आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ डिसेंबर १८९८ला, या योजनेचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं.

जमशेटजींच्या मनात सुरुवातीला एक गुंफण होती. कुटुंबासाठी राखायची मालमत्ता आणि संस्थेसाठी द्यायची मालमत्ता एकाच व्यवस्थेत बांधावी, त्याला कायद्याचं संरक्षण मिळावं, म्हणजे दोन्हीचं भलं होईल. सरकारने याला हरकत घेतली. संस्थेचं दान आणि घराण्याची तजवीज एकमेकांत अडकली तर उद्या एकाच्या अडचणीत दुसरं ओढलं जाईल, हे उघड होतं. वाटाघाटी लांबल्या. शेवटी जमशेटजींनी कुटुंबाचा धागा सोडवून घेतला आणि संस्थेचं दान मोकळं केलं. माझ्या मते त्यांच्या औदार्याइतकाच हा निर्णय मोठा आहे. घरच्यांचं घरच्यांना आणि समाजाचं समाजाला, दोन वेगळ्या कप्प्यांत.

१९ मे १९०४ला जर्मनीत बाड नाउहाइमला जमशेटजी गेले. संस्थेची एक वीटही तेव्हा लागलेली नव्हती. पण इमारती ठरलेल्या होत्या, रक्कम ठरलेली होती, आणि काय करायचं आहे ते दोराबजी आणि रतनजी या मुलांना, बरजोरजी पादशाहांसारख्या सहकाऱ्याला आणि सरकारलाही स्पष्ट ठाऊक होतं. म्हैसूर संस्थानाने बंगळुरात ३७१ एकर जमीन आणि पाच लाख रुपये दिले. २७ मे १९०९ला संस्थेला कायदेशीर रूप मिळालं आणि १९११ साली पहिले विद्यार्थी आले. देणारा गेल्यावर सात वर्षांनी.

पुढे दोन्ही मुलांनीही आपापला कागद केला. सर रतन टाटा १९१८ साली गेले आणि त्यांच्या मृत्युपत्रातून १९१९ साली त्यांच्या नावाचा न्यास झाला. सर दोराबजींना मूलबाळ नव्हतं. पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. १९३२च्या मार्चमध्ये दोराबजींनी आपली सारी संपत्ती न्यासाच्या हवाली केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. मधे फक्त तीन महिने. आज टाटा सन्स या मुख्य कंपनीचे साधारण ६६ टक्के भाग टाटांच्या न्यासांकडे आहेत, त्याची मुळं या दोन भावांच्या कागदांत आहेत.

जमशेटजींच्या योजनेवर खल चालू होता त्याच सुमारास मुंबईच्याच एका मृत्युपत्राचं प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं होतं. एका गृहस्थाने आपली मालमत्ता 'धर्मा'साठी वापरावी असं लिहून ठेवलं होतं. आपल्या घरात हा शब्द किती सहज येतो! धर्म करावा, दानधर्म करावा, त्याचा अर्थ काय हे कोणी विचारत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १८९९ साली विचारलं. धर्म म्हणजे कर्तव्यही, पुण्यही, कायदाही, मग विश्वस्तांनी नेमकं काय करायचं आणि न्यायालयाने ते कसं तपासायचं? अर्थ निश्चित नाही म्हणून ते दान रद्द झालं. तेव्हापासून या देशातले वकील पक्षकाराला सांगत आले आहेत की 'सत्कार्याला', 'गरिबांना', 'धर्माला' असं मोघम लिहू नका, संस्थेचं पूर्ण नाव लिहा.

ख्रिस्ती कुटुंबांवर तर वेगळाच निर्बंध होता. १९२५च्या भारतीय वारसा कायद्यात असं कलम होतं की पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असेल, तर धर्मादाय दानाचं मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेलं असलं पाहिजे आणि ठरलेल्या मुदतीत सरकारी अधिकाऱ्याकडे ठेवलेलं असलं पाहिजे. मरणाच्या भीतीने माणूस नातेवाइकांना उघड्यावर टाकून सगळं देवाला देईल, या जुन्या इंग्रजी धास्तीतून ते आलं होतं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाविरोधी ठरवून काढून टाकलं. मुस्लिम कायद्यात आजही मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, बाकीचं ठरलेल्या वारसांचं. हिंदूंना स्वकष्टार्जित मिळकतीबाबत अशी मर्यादा नाही. स्वतःची सगळी मिळकत एखाद्या वाचनालयाला द्यायची असेल तरी कायदा अडवत नाही.

बंगळुरातलं आजचं सगळ्यात मोठं दान मात्र मृत्युपत्रातून आलेलं नाही, आणि त्याची सुरुवात खानदेशात आहे. २९ डिसेंबर १९४५ला जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढची विप्रो. साने गुरुजींच्या प्रताप हायस्कूलचं आणि प्रताप शेटांच्या तत्त्वज्ञान मंदिराचं हे गाव, तिथे दानशूर शेठ लोकांना नवा नव्हता. १९६६च्या ऑगस्टमध्ये हाशम प्रेमजी अचानक गेले आणि स्टॅनफर्डला शिकणारा एकवीस वर्षांचा अझीम कारखाना सांभाळायला परतला. तेलातुपाची कंपनी संगणकात आली, बंगळूरला मोठी झाली. अमळनेरातल्या लोकांनी सुरुवातीला घेतलेले शेअर काही घरांत तीन-तीन पिढ्या जपले गेले.

अझीम प्रेमजींनी आपल्या वाट्याचे भाग टप्प्याटप्प्याने न्यासाच्या नावावर केले. २०१०च्या डिसेंबरात ८,८४६ कोटी रुपयांचे, २०१३ साली आणखी, आणि २०१९च्या मार्चमध्ये विप्रोच्या ३४ टक्के भागांचं उत्पन्न, ज्याची किंमत तेव्हा ५२,७५० कोटी होती. एकूण दान १,४५,००० कोटींवर गेलं आणि कंपनीच्या ६७ टक्के भागांचं उत्पन्न शिक्षणासारख्या कामाला बांधलं गेलं. हे परत फिरवता येणारं दान नव्हतं. त्याच वर्षी मोठे चिरंजीव रिशद कंपनीचे अध्यक्ष झाले. मुलाला काम मिळालं, समाजाला उत्पन्न मिळालं आणि दोन्ही वडिलांच्या डोळ्यांदेखत झालं. या न्यासाच्या, सर्जापूर बाजूच्या विद्यापीठातली मुलं वर्गात बसलेली त्यांना बघता आली. जमशेटजींच्या नशिबात ते नव्हतं.

साध्या माणसाने यातून काय घ्यावं? रक्कम नव्हे, क्रम घ्यावा. थोडं आता द्यावं, बाकीचं लिहून ठेवावं. मात्र 'आता' देताना डोक्यावरचं छप्पर देऊ नये. 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर १९७० सालापासून प्रत्येक मराठी प्रेक्षकाला हे सांगत आले आहेत. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की सहसा मागे घेता येत नाही. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात एक सवलत आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द करू शकतं. पण ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असणं फार गरजेचं आहे. त्याहून बरं म्हणजे घर मृत्युपत्रातच ठेवावं, किंवा द्यायचंच झालं तर आपल्या आणि जोडीदाराच्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क त्याच कागदात राखून ठेवावा.

मामांच्या प्रकरणानंतर ओळखीपाळखीचे लोक मला कागद दाखवायला लागले. मी वकील नाही, पण काही गैरसमज इतके पसरलेले दिसले की ते इथे सांगायलाच हवेत.

पहिला नॉमिनीचा. "नॉमिनी लावलाय, आता काय काळजी?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हातात ठेवायचे तो माणूस. ते पैसे कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअरच्या बाबतीत यावर बरीच वर्षं वाद होता. १४ डिसेंबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका कुटुंबाच्या खटल्यात तो मिटवला: नॉमिनी मालक होत नाही. आयुर्विम्याचा अपवाद आहे. तिथे आईवडील, पती किंवा पत्नी, मुलं यांना नॉमिनी केलं तर २०१५च्या दुरुस्तीपासून रक्कम त्यांचीच होते. १ नोव्हेंबर २०२५पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसह. लॉकरला मात्र एकामागून एकच. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र यात एकच नाव असावं, नाहीतर आपणच दोन माणसांना समोरासमोर उभं करतो.

दुसरा गैरसमज बायकांच्या मिळकतीचा, आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. मूलबाळ नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि नवरा हयात नसेल, तर तिची स्वतःच्या पगारातली बचतसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. फक्त माहेरहून वारशाने आलेली मालमत्ता माहेरी परतते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर अशीच एक गोष्ट आली. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरहून हाकललेली मुलगी. माहेरच्यांनी शिकवलं, तिने नोकरी केली, पैसे साठवले. ती मृत्युपत्र न करता गेली आणि तिची सगळी बचत नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली, पण कायदा तोच राहिला. बंगळुरात हजारो मुली चांगल्या पगारावर आहेत. तिशीतल्या मुलीने मृत्युपत्र करणं यात काहीही अभद्र नाही.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क देण्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही राज्यं पुढे होती. दोघांनीही १९९४ साली तो दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभर, लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुलींना तो ९ सप्टेंबर २००५पासून मिळाला, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही हे २०२० साली न्यायालयाने स्पष्ट केलं. गावची जमीन 'भावाचीच' असं धरून चालणाऱ्या घरांनी हे एकदा बसून बोलावं. बहिणीला नको असेल तर ती सोडेल, पण तिला विचारलं पाहिजे.

कर हा मुद्दा लोक उगाच मोठा करतात. मृत्युकर १९८५ साली गेला. वारशाने किंवा मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर, तसंच जवळच्या नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटीवर, घेणाऱ्याला आयकर नाही. दानाच्या सवलतीचं गणित कराच्या जुन्या पद्धतीतच चालतं, आणि तिथेही दोन हजारांवरची रोख देणगी धरत नाहीत. सवलतीसाठी दान करू नये, पण पावती जरूर घ्यावी.

मृत्युपत्राचा कागद स्वतः अगदी साधा असतो. कोरा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. सही करणारा आणि किमान दोन साक्षीदार, एवढं पुरे. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी असं माझं मत आहे, कारण म्हातारपणी केलेल्या सहीवर शंका घेणारा कोणीतरी निघतोच. १९२५च्या कायद्याने मृत्युपत्राचं प्रोबेट सक्तीचं केलं ते मुंबई, मद्रास आणि कलकत्ता यांच्यापुरतं. बंगळुरातल्या घरासाठी बंगळुरात केलेल्या मृत्युपत्राला ती सक्ती नव्हती. मृत्युपत्र कितीदाही बदलता येतं, शेवटचं खरं. अंमल करणारा माणूस, ज्याला सगळे एक्झिक्युटर म्हणतात, आपल्यापेक्षा वयाने लहान नेमावा. घरात मतिमंद किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेलं मूल असेल तर नुसतं त्याच्या नावावर लिहून भागत नाही. त्याच्यासाठी खाजगी न्यास करून विश्वस्त नेमावे लागतात, आणि तिथे चांगल्या वकिलाचे पैसे वाचवू नयेत. सार्वजनिक न्यासाचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्यासारखं सगळ्या न्यासांसाठी धर्मादाय आयुक्तालय कर्नाटकात नाही, न्यासपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवतात. पण पाच-दहा लाखांसाठी नवा न्यास काढण्यापेक्षा चालू असलेल्या संस्थेला देणं कधीही चांगलं. हिशेब, लेखापरीक्षण, विश्वस्तांच्या बैठका हे सगळं चालवायला माणसं लागतात, आणि आपल्यामागे ती कोण चालवणार?

आणि कागदी शेअर. अमळनेरच काय, कोल्हापूर-सांगलीकडेही जुन्या ट्रंकांत ते सापडतात. १ एप्रिल २०१९पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकता-देता येत नाहीत, पण मृत व्यक्तीकडून वारसाकडे मात्र जाऊ शकतात. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर शेअरच सरकारी निधीकडे जातात. तिथून सोडवता येतात, पण कागदांची माळ लावावी लागते. बँकांतल्या बेवारस ठेवींचे रिझर्व्ह बँकेच्या निधीत ३१ मार्च २०२४ला ७८ हजार कोटींहून जास्त रुपये पडून होते. त्यातले बरेचसे कोणीतरी कोणासाठी तरीच ठेवलेले असणार.

मामींनी गेल्या वर्षी त्यांचा कागद केला. मला बोलावलं होतं. जेवणाच्या टेबलावर जुन्या साडीचा तुकडा पसरून त्यांनी दागिने मांडले. दोन पाटल्या, मोहनमाळ, एक बोरमाळ, मामांची अंगठी. प्रत्येकाचं वजन वहीत लिहिलेलं होतं, समोर नाव. मोहनमाळ अमेरिकेतल्या मुलीला, पाटल्या सुनेला, अंगठी नातवाला. बोरमाळेपुढे जागा रिकामी होती.

"ही कुणाची, मामी?" मी विचारलं.

"मुलगी म्हणते मला, सून काही म्हणत नाही. जी म्हणत नाही तिची काळजी जास्त वाटते रे." त्यांनी सुनेचं नाव लिहिलं आणि तिथल्या तिथे मुलीला फोन लावून सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग मुलगी म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस."

मृत्युपत्र मराठीतच लिहायचं हा मामींचा हट्ट. कायद्याची हरकत नाही, पण त्या भागात न चालणाऱ्या भाषेतला दस्त नोंदवायचा तर सोबत अचूक भाषांतर जोडावं लागतं. ते आम्ही कानडीत करून घेतलं. नोंदणीसाठी कावेरी पोर्टलवर वेळ घेतली. साक्षीला खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक आणि कोपऱ्यावरचे औषधवाले आले. फोटो, अंगठा, सह्या, सगळं मिळून सकाळ गेली.

त्याआधी मात्र एक गोष्ट घडली होती. मसुद्यातलं नववं कलम शाळेचं होतं: मामांच्या इच्छेनुसार दोन लाख रुपये. संस्थेचं नोंदणीतलं नेमकं नाव हवं म्हणून मामींनी गावी मुख्याध्यापकांना फोन केला. नाव सांगता सांगता ते म्हणाले की मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम पैशांपायी अर्धं थांबलंय, पावसाळ्याआधी छत घातलं गेलं तर बरं होईल. मामींनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि मला बँकेत घेऊन चल म्हणाल्या. आठ दिवसांनी टपालाने पावती आली, मामांच्या नावाने. मामींनी ती बिलांच्या गठ्ठ्यात, मामांनी बांधलेल्या दोऱ्याखाली सरकवली. मग मसुदा काढला, नवव्या कलमावर पट्टीने सरळ रेघ मारली आणि दहाव्याचा आकडा दुरुस्त करून नऊ केला.